एलपीची सवय लागलेल्या कानांसाठी सीडी प्लेअर कसा निवडावा

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात रेकॉर्ड लावली की स्वयंपाकघर शांत असायचं. सीडी लावली की मात्र दोन मिनिटांत हिची हाक यायची, "अहो, सीडी लावलीत ना? जरा कमी करा." गायिका तीच, राग तोच, ॲम्प्लिफायरचं बटणही मी हलवलेलं नसायचं. सीडीचा आवाज मुळातच कर्कश असतो, असा या हाकेचा अर्थ मी कितीतरी वर्षं लावत आलो आणि त्या समजुतीपायी तीन प्लेअर बदलले. शेवटी एकदा मोबाइलवर आवाज मोजला. त्याच बटणावर सीडी जवळजवळ १० डेसिबलनं मोठी वाजत होती. १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. कर्कशपणाचा मोठा भाग तिथेच होता आणि त्याच्याशी प्लेअरचा काही संबंध नव्हता.

ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे, ज्यांना ते मनापासून आवडतं आणि आता तितकंच समाधान देणारा सीडी प्लेअर हवा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शास्त्रीय संगीत, नाट्यपदं, अभंग यांतलं कितीतरी सीडीवर निघालं आणि त्या सीडी आज लोकांच्या कपाटांत धूळ खात पडल्या आहेत. त्या नीट ऐकता आल्या तर फार मोठा ठेवा हाताशी येतो. माझं म्हणणं एवढंच की क्रम चुकवू नका. आधी आवाजाची पातळी, मग सीडीची तबकडी आणि त्यानंतर यंत्र. बहुतेक जण यंत्रापासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे घालवतात.

रेकॉर्डमधलं नेमकं काय आवडतं?

पहिली पायरी कागद-पेन्सिलीची आहे. तुमची सगळ्यांत लाडकी एलपी लावा आणि काय आवडतं ते लिहून काढा. "ऊब" वगैरे एका शब्दावर थांबू नका. तंबोऱ्याची जवारी कशी ऐकू येते? डग्ग्याचा घुमारा किती वेळ टिकतो? तार षड्जावर आवाज टोचतो की गोल राहतो? "स", "श", "च" कसे येतात? यादी आठ-दहा ओळींची झाली तरी पुरे. पुढे दुकानात हीच यादी तुमच्या कामाला येणार आहे.

या यादीतल्या काही गोष्टी रेकॉर्डिंगमधल्या असतात आणि काही रेकॉर्ड वाजवण्याच्या पद्धतीतून येतात. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे स्वर वाढवलेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगसंघाच्या ठरावीक मापाप्रमाणे) हा फेरफार दोन्ही टोकांना सुमारे २०-२० डेसिबलचा असतो. तुमच्या ॲम्पमधला फोनो विभाग तो बरोबर उलटा करून देतो. हे उलटं करणं एक-दोन डेसिबलनं जरी चुकलं, तरी सगळा आवाज थोडा भरीव किंवा थोडा मऊ होतो आणि आपल्याला तीच रेकॉर्डची चव वाटते. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग, डावा आणि उजवा आवाज साधारण २५ ते ३० डेसिबलइतकाच वेगळा ठेवू शकतं. त्यामुळे वाद्यं एकमेकांत किंचित मिसळतात आणि गायक मधोमध घट्ट उभा राहतो. सीडीवर हे वेगळेपण ९० डेसिबलच्या आसपास असतं.

आणखी एक गोष्ट घराशी जोडलेली आहे. आमच्या वाड्यात टर्नटेबल लाकडी तक्तपोशीवर होतं. स्पीकरचा खर्ज जमिनीतून, हवेतून परत सुईपर्यंत पोचायचा आणि पुन्हा वाजायचा. डग्ग्याला जो घुमारा होता, त्यात त्या लाकडाचाही वाटा होता. पुढे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, सिमेंटच्या स्लॅबवर, तीच रेकॉर्ड त्याच यंत्रावर सडपातळ वाटायला लागली. म्हणजे ज्याला मी एलपीचा गुण म्हणत होतो, त्यातला काही भाग वाड्याचा होता. सीडी प्लेअर हा घुमारा देणार नाही. तो हवाच असेल तर स्पीकर भिंतीच्या वीतभर जवळ सरकवून पाहा. हजारो रुपयांच्या प्लेअरनं जे होणार नाही, ते या एका वितीनं होतं.

उलट बाजूही मोकळेपणानं सांगायला हवी. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारते, बाहेरून आत. बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगानं सरकते. आतल्या टोकाला हाच वेग २०-२१ सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलं जातं आणि वरचे स्वर फाटू लागतात. आपल्या गाण्यात याचा फटका कुठे बसतो बघा. ख्यालाची विलंबित सुरुवात कडेला, आरामात. द्रुत, ताना, तराणा, म्हणजे जिथे सगळ्यांत बारीक काम आहे, ते लेबलाजवळच्या अरुंद जागेत. सीडी आतून बाहेर वाचली जाते. तिची चकती सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या मारते आणि शेवटी २०० वर येते, पण वाचण्याचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राहतो. चांगल्या सीडीवर द्रुत ऐकताना मला जे समाधान मिळतं, ते माझ्या एलपीनं कधी दिलेलं नाही. प्लेअर निवडताना हेही कान उघडे ठेवून ऐका, नाहीतर फक्त उणं शोधत बसाल.

पातळी जुळवणं

सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट बाहेर देतो. नेहमीचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज सुमारे ५ मिलिव्होल्ट देतं. फोनो विभागानं ते शंभरपट वाढवलं की अर्धा व्होल्ट. रेकॉर्डवरचे जोरकस क्षण याच्याही वर जातात, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा. पण सीडी लावल्याबरोबर आवाज अंगावर का येतो, ते यातून कळतं. शिवाय बटण आठ-नऊ वाजण्याच्या जागेवरच अडकून राहतं आणि तिथे बऱ्याच ॲम्पमध्ये डावी-उजवी बाजू सारखी चालत नाही. गायक एका बाजूला झुकतो आणि आपण दोष प्लेअरला देतो.

मोजायचं असं. एकच ध्वनिमुद्रण एलपी आणि सीडी दोन्हींवर असलेलं शोधा. सुरुवातीला नुसता तंबोरा वाजत असतो, ते काही सेकंद आपल्यासाठी सोन्यासारखे आहेत. तंबोऱ्याची पातळी स्थिर असते, त्यामुळे मोजायला यापेक्षा सोयीचं काही नाही. मोबाइलमध्ये आवाज मोजणारं कोणतंही मोफत ॲप घ्या. फोन तुमच्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर, दोन्ही वेळा त्याच जागी ठेवा. आधी एलपीचा आकडा लिहा, मग सीडी लावून बटण कमी करत तोच आकडा येईपर्यंत आणा. फरक एका डेसिबलच्या आत आला की तुलना प्रामाणिक झाली. फोनचा आकडा शास्त्रीयदृष्ट्या अचूक नसेल, पण इथे दोन आकड्यांतला फरकच हवा आहे आणि तो बरोबर मिळतो.

फरक कायमचा मिटवायचा असेल तर केबलच्या आरसीए प्लगवर बसणारे, आवाज १० डेसिबलनं उतरवणारे अटेन्युएटर तयार मिळतात. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर प्रत्येक बाजूला दोनच रेझिस्टर लागतात. सिग्नलच्या वाटेत ४.७ किलोओहम आणि त्यानंतर सिग्नल व ग्राउंडच्या मध्ये २.२ किलोओहम, दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म. ४७ किलोओहम इनपुटच्या ॲम्पला जोडल्यावर यातून साधारण १० डेसिबल कमी होतात. जोडणी केबलच्या ॲम्पकडच्या टोकाला करा आणि केबल आखूड ठेवा. मी हे केलं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक आली नाही. आत येऊन हिनं विचारलं, "ही रेकॉर्ड कधी आणलीत?"

तबकडी पारखणं

दोन धडधाकट प्लेअरांत जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक एकाच गाण्याच्या दोन सीडींत असतो. हे वाक्य मी सगळ्या लेखात सगळ्यांत जबाबदारीनं लिहितोय.

सीडीचं माप पुरेसं मोठं आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, आवाजाच्या चढउताराला सुमारे ९६ डेसिबलची जागा. एलपीला ६० ते ७० डेसिबल मिळाले तरी खूप. पण या जागेचा उपयोग करायचा की नाही, हे मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीचं शेवटचं ध्वनिसंस्करण, करणाऱ्याच्या हाती असतं. नव्वदच्या दशकापासून आवाज दाबून सगळं सारखं मोठं करायची चढाओढ सुरू झाली. अशा सीडीवर गायकाचा श्वास आणि त्याची तान सारख्याच जोरात येतात. रेकॉर्डसाठीचं मास्टरिंग वेगळं, कमी दाबलेलं असू शकतं. म्हणून त्याच गाण्याची एलपी कधीकधी मोकळी वाटते. तपासायचं असेल तर सीडी संगणकावर उतरवून ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. डोंगर-दऱ्या दिसल्या तर ठीक. कुंपणासारखी सपाट कापलेली माथी दिसली तर त्या तबकडीसाठी नवा प्लेअर शोधून उपयोग नाही.

आपल्या शास्त्रीय संगीताचा रोग थोडा वेगळा आहे. जुन्या टेपवरून सीडी करताना टेपची सुसू (मागची बारीक सरसर, हिस) काढून टाकायचा अतिउत्साह दाखवला जातो. त्या सुसूबरोबर तंबोऱ्याची जवारीही जाते, कारण दोन्ही एकाच उंचीवर राहतात. ओळखायची खूण सांगतो. गायक थांबल्यावर मागची शांतता ऐका. गाणं सुरू झालं की सुसू येते आणि थांबलं की एकदम नाहीशी होते, असं झालं तर तिथे यंत्रानं हात मारलेला आहे. सुसू सलग, शांतपणे चालू असेल तर आनंद माना. तबकडीवरची एएडी, एडीडी, डीडीडी ही अक्षरं ध्वनिमुद्रण, संपादन आणि मास्टरिंग ॲनालॉग होतं की डिजिटल एवढंच सांगतात. चांगलं-वाईट त्यावरून ठरत नाही.

जुन्या सीडी चाळताना दोन फसगती टाळा. आपल्याकडे ५०-१०० गाण्यांच्या एमपी३ तबकड्या भरपूर विकल्या गेल्या. दिसायला त्या सीडीच, पण आतला आवाज पिळून काढलेला. डब्यावर "कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ" ही खूण आहे का ते पाहा. आणि मागची बाजू निळसर-हिरवट असेल तर ती घरी संगणकावर बर्न केलेली प्रत आहे, छापील तबकडी चंदेरी असते. बुधवारच्या बाजारात किंवा कुणाच्या घरच्या आवराआवरीत गठ्ठा हाती लागला, तर प्रत्येक डबा उघडून एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात.

आता यंत्र

इथवर आलात तर तुमची गरज कदाचित अर्ध्यावर आली असेल. आता तीन वाटा.

पहिली वाट, सगळं एका डब्यात असलेला नवा प्लेअर. मरँट्झचा सीडी ६००७, डेनॉनचा डीसीडी-६००एनई, यामाहाचा सीडी-एस३०३, एनएडीचा सी ५३८ ही या वर्गातली ओळखीची नावं. यांपैकी कोणताही चांगल्या तबकडीवर तुम्हाला निराश करेल असं मला वाटत नाही. नवीन घेण्यात खरी किंमत वॉरंटीची आणि ताज्या लेझरची आहे. ज्यांना उघडझाप, दुरुस्ती यांत रस नाही, त्यांनी सरळ हीच वाट धरावी.

दुसरी वाट, वाचणारं यंत्र वेगळं आणि डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणारा डबा, वेगळा. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी किंवा ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी नुसती तबकडी वाचतात, त्यांना ॲम्पला थेट जोडायची सोय नसते. त्यांच्यापुढे डॅक लागतोच. टीव्ही, संगणक, फोन हे सगळं एकाच डॅकमधून ऐकायचं असेल तर ही मांडणी सोयीची. डॅक बदलून आवाजाचा रंगही बदलता येतो. मधली केबल ७५ ओहमची कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल घ्या, साधी पण नीट घट्ट बसणारी. तिच्यावर जास्त पैसे घालू नका.

तिसरी वाट घरातल्या डीव्हीडी प्लेअरची. त्याच्या मागे कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट असेल तर तो डॅकला जोडून पाहा. टीव्हीशिवाय गाण्याचा क्रमांक दिसत नाही, ही एक अडचण. पण सीडी ऐकण्यात आपल्याला गोडी आहे की नाही हे ठरवायला एवढं पुरतं.

एलपीसारखा आवाज देणारी चिप म्हणून जी चर्चा चालते, तिच्याबद्दल थोडं. सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर जपानात १ ऑक्टोबर १९८२ ला आला. फिलिप्सनं सुरुवातीला टीडीए १५४० ही १४ बिटची चिप चारपट ओव्हरसॅम्पलिंगवर (मूळ नमुन्यांच्या मधे हिशेबानं आणखी नमुने भरून) वापरली, पुढे १६ बिटची टीडीए १५४१ए आली. तिचे चाहते जगभर आहेत आणि ती खरंच चांगली आहे. पण आवाज एकट्या चिपचा नसतो. तिच्या मागचा वीजपुरवठा, पुढची आउटपुट पायरी, कपॅसिटरांचं वय, सगळ्यांचा मिळून असतो. शिवाय या चिपला एवढी मागणी आहे की वर खोट्या खुणा छापलेल्या चिपही विकल्या जातात. नुसत्या चिपच्या नावावर चढी किंमत कुणी मागत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

मऊ आवाज हवा असेल तर त्याची खरी किल्ली फिल्टरमध्ये असते. काही प्लेअर आणि डॅक दोन-तीन डिजिटल फिल्टर निवडू देतात, वर नाव घेतलेला सीडी ६००७ त्यांतलाच. फरक बारीक असतो, पण शांत घरात ऐकू येतो. याहून पुढचं टोक म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग न करणारे डॅक. पुढे भरपाईचा फिल्टर नसेल तर त्यांच्यात १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबल घट होते, ती त्या पद्धतीच्या गणितातच आहे. हार्मोनियमची धार आणि व्हायोलिनची किनार त्यामुळे जराशी बोथट होते. काहींना तेच रेकॉर्डसारखं वाटतं. मला गायनाला ते आवडतं, संतूरला अजिबात नाही. व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) आउटपुटवाले प्लेअरही याच चवीचे. व्हॉल्व्ह सिग्नलच्या वाटेत खरोखर काम करतोय की नुसता खिडकीत लाल दिव्यासारखा लावलाय, एवढं विचारूनच घ्या.

जुना प्लेअर घेताना

जुन्या प्लेअरांत काही अतिशय भक्कम यंत्रं आहेत. फिलिप्सच्या सीडीएम मालिकेतली झुलत्या हाताची यंत्रणा तर बघत राहावी अशी. पण लेझर झिजतो आणि सुटा भाग मिळाला नाही तर सगळा डबा शोभेचा होतो. म्हणून आधी मॉडेलची लेझर यंत्रणा कोणती ते शोधा आणि ती मिळते का ते बघा, मगच पैशांचं बोला. सोनीची केएसएस-२१३ ही यंत्रणा कितीतरी कंपन्यांनी वापरली आणि तिचे पर्यायी भाग अजून मिळतात, यात नकलीही असतात.

बघायला जाताना स्वतःच्या तीन तबकड्या न्या. एक निर्दोष छापील, एक थोडी ओरखडलेली आणि एक ७० मिनिटांच्या वरची. ट्रे न अडखळता उघडतो-मिटतो का? अडखळत असेल तर बहुधा रबरी बेल्ट सैल आहे, हा किरकोळ खर्च. तबकडी टाकल्यावर गाण्यांची संख्या लगेच दिसते की यंत्र दोन-तीनदा खटखट करतं? पहिलं गाणं आणि लांब तबकडीचं शेवटचं गाणं, दोन्ही पूर्ण ऐका. सुरुवातीला चकती सगळ्यांत वेगानं फिरते, म्हणून थकलेली मोटर तिथे उघडी पडते. शेवटी लेझर अगदी कडेला जातो आणि चकतीचा डगमगही तिथेच जास्त असतो. मग पहिल्यावरून एकदम शेवटच्या गाण्यावर उडी मारायला लावा, चार-पाच वेळा. यंत्र गरम झाल्यावर, म्हणजे निदान पाऊण तासानं, हेच सगळं पुन्हा. थंड असताना उत्तम चालणारे कितीतरी प्लेअर गरम झाल्यावर अडखळतात आणि विकणारा कधी पाऊण तास लावून ठेवत नाही.

झाकण उघडायची परवानगी मिळाली तर वायर काढून मगच उघडा आणि कपॅसिटरांची माथी फुगलीत का ते पाहा. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालवू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा असतो, त्याच्याकडे बघणं धोक्याचं आहे.

मागच्या बाजूचा व्होल्टेजचा आकडा मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेले प्लेअर १०० व्होल्टवर चालतात, अमेरिकेतले १२० वर. मी एकदा विकणाऱ्याच्या "लावा हो, चालतो" या शब्दावर विसंबून १०० व्होल्टचा प्लेअर आपल्या २३० च्या प्लगला लावला. जळका वास सुटला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. तसा ट्रान्सफॉर्मर मला पुढे मिळाला नाही. असं यंत्र घ्यायचंच तर योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी बरोबर आणा.

मुंबईहून आणत असाल तर आणखी एक. कितीतरी जुन्या प्लेअरांच्या पोटाला प्रवासात यंत्रणा घट्ट धरून ठेवणारा स्क्रू असतो. तो लावल्याशिवाय कसारा घाट चढू नका आणि घरी आल्यावर तो सोडवल्याशिवाय प्लेअर सुरू करू नका. चांगले चालणारे प्लेअर "बंद पडला" म्हणून दुरुस्तीला येतात, त्यात हा विसरलेला स्क्रूही असतो.

ऐकून ठरवणं

सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईत दिवसभर ऐकायला जाणं मला अजूनही आवडतं. जाताना कागदावरची यादी आणि स्वतःच्या तबकड्या न्या, दुकानातल्या नमुन्याच्या तबकड्यांवर काहीही छानच वाजतं. दोन प्लेअर ऐकताना पातळी जुळवण्याचा आग्रह धरा, फोन खिशात आहेच. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा प्लेअर कानाला "जास्त स्पष्ट" वाटतो आणि विक्री त्यावरच होते.

दुकानात फक्त दोष शोधा. खरखर, एका बाजूला झुकणं, तार सप्तकात टोचणं. समाधान दुकानात कळत नाही, त्यासाठी घर लागतं. चार-आठ दिवस घरी ठेवायला मिळालं तर उत्तम. घरची परीक्षा एकच: एलपीच्या एका बाजूइतकी, म्हणजे सुमारे २२ मिनिटं, सीडी लावून बसा. रिमोट दूर ठेवा. मधे उठावंसं वाटलं का? गाणं पुढे ढकलावंसं वाटलं का? आवाज कमी करावासा वाटला का? ही परीक्षा तीन वेगळ्या संध्याकाळी घ्या, कारण थकलेल्या दिवशी कान वेगळं सांगतात. मग घरातल्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, दोन प्लेअरांची अदलाबदल करायला लावा आणि दहापैकी किती वेळा ओळखता येतं ते मोजा. पाच-सहा वेळाच बरोबर येत असेल तर स्वस्त असलेला घ्या आणि उरलेल्या पैशांच्या सीडी आणा.

एक मात्र मनापासून सांगतो. कानाचा मापदंड एलपीसुद्धा ठेवू नका. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी याच पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला होता. गाणं समोर बसून ऐकण्याची परंपरा या गावात आहे. माइक नसलेल्या एखाद्या घरगुती बैठकीत तंबोऱ्यापासून पाच हातांवर बसा. ती जवारी कानात घेऊन घरी या आणि मग दोन्ही तबकड्या लावा. माझ्या बाबतीत त्या रात्री एका रागात एलपी जवळची वाटली, दुसऱ्यात सीडी. प्लेअरच्या नावाची चिंता त्यानंतर बरीच कमी झाली.

घरात बसवताना

प्लेअर ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका, उष्णतेनं लेझरचं आयुष्य घटतं. घुंई आवाज येत असेल तर प्लेअर, ॲम्प आणि टीव्ही एकाच बोर्डावर लावा आणि केबल टीव्हीची वायर काढून बघा, बऱ्याचदा घुंई तिथूनच येते. जुन्या वाड्यात अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्याच.

तबकडी पुसताना मऊ कापडानं मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा, रेकॉर्डसारखं गोल नाही. सीडीची दुरुस्ती-पद्धत सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची हरवलेली माहिती पूर्ण भरून काढते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत जरासाच आड येतो, पण वाटेच्या दिशेनं गेलेला गोल ओरखडा ही मर्यादा ओलांडतो.

नाशिकचा पावसाळा लेझरच्या भिंगाला मानवत नाही. जूनच्या आधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी एक पूर्ण तबकडी वाजवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. तरीही सप्टेंबरमध्ये प्लेअर तबकड्या नाकारू लागला, तर वायर काढून झाकण उघडा, कानकोरणीच्या कापसाला ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा अगदी एक थेंब लावून भिंगावरून अलगद फिरवा, दाब न देता. भिंग सुकायला दहा मिनिटं द्या आणि झाकण बसवूनच सुरू करा.